खडकपाड्यावरची दोन लग्ने आणि एक गाठ

१९८७ च्या फेब्रुवारीत पालघर ते तारापूर या पट्ट्यात आम्ही दोघे पाच दिवस सायकलने फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता बोईसरच्या पूर्वेला डोंगराखालच्या खडकपाड्यावर पोहोचलो, तेव्हा तिथे दोन लग्ने खोळंबली होती. एक आईबापांचे, दुसरे त्यांच्या मुलीचे. दोन्ही लग्ने लावणारी बाई आली नव्हती. मुलीच्या नवऱ्याला त्याच संध्याकाळी सातपाटीला परत जायचे होते, कारण त्याची बोट पहाटेच्या भरतीला सुटणार होती.

बरोबर वसंत होता, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. तो पालघरला राहतो आणि मलेरिया खात्यात नोकरी करतो. पाड्यापाड्यांवर सायकलने जायचे, ताप कोणाला आहे विचारायचे, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि घराच्या भिंतीवर भेटीची तारीख लिहायची, हे त्याचे काम. सुट्टी घेऊनही तो त्याच रस्त्यांनी निघाला. मी साताऱ्याकडचा. समुद्र मला पाहुण्यासारखाच माहीत. या भागातले जुने किल्ले पाहायचे होते. वसंत म्हणाला, "एसटीने गेलात तर स्टँड दिसतील, भावोजी. सायकल घ्या." त्याने शेजाऱ्याकडून माझ्यासाठी एक काळी सायकल आणली. तिचा पुढचा ब्रेक लागत नव्हता. "इथे उतार कुठे आहेत?" असे त्याचे उत्तर होते.

पहिला दिवस: पालघर, माहीम, केळवे

पालघर सोडल्यावर माहीमपर्यंत रस्ता सपाट आहे. गावाजवळ दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. केळी, नारळ, सुपारी आणि त्यांच्या आधाराने चढवलेल्या पानवेली. पाटाचे पाणी इतके वळवून नेलेले असते, की कोणते कोणाचे हे परक्याला कळत नाही. आमच्याकडे बांधावरून भांडणे होतात. इथे ती पाटावरून होतात, असे वसंतने सांगितले.

माहीमच्या किल्ल्याचा एक कोपरा झाडीत उभा आहे. केळव्याचा किल्ला त्या वेळी वाळूत निम्मा बुडालेला होता. सुरूच्या झाडांतून गेले की बुरुजाचे डोके दिसे. त्यावर एक माणूस जाळे पसरून बसला होता. किल्ल्याचे नाव विचारले, तर म्हणाला, "किल्लाच म्हनतात. दुसरा हाय कुठं, नाव द्यायला?"

मुक्काम वसंतच्या मावशीकडे. रात्रीच्या जेवणाला उकडहंडी होती. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी ओल्या मसाल्यात कालवून भरतात, तोंड पाल्याने बंद करतात, मडके पालथे घालून भोवती जाळ करतात. पाणी घालत नाहीत. मावशीने मडके फोडण्याआधी त्यावर पाण्याचे थेंब टाकून आवाज ऐकला आणि "झाली" म्हणाली. आमच्या हुरड्याशी याची तुलना करता येईल, पण हुरडा शेतात उभ्याने खातात आणि उकडहंडीला पाटपाणी लागते. मावशीने तीन वेळा वाढले. चौथ्यांदा मी हात आडवा धरला, तर हातावर वाढले.

दुसरा दिवस: शिरगाव, सातपाटी, मुरबे

शिरगावचा किल्ला चांगला उभा आहे. दरवाजा आणि बुरुज शाबूत. पोर्तुगीजांच्या ताब्यातला हा किल्ला वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आवारात फांद्या फुटलेले ताडासारखे एक झाड आहे. गावात त्याला रावणमाड म्हणतात. सावलीत दोन बायका तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आम्हाला किल्ल्याबद्दल काही विचारू दिले नाही. आमचीच माहिती काढून घेतली: गाव कोणते, मुले किती, बायकोला का आणले नाही.

सातपाटीला वास आधी येतो, गाव मागून. बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील जोडीजोडीने अडकवलेले होते आणि ते वाऱ्यावर हलत होते. बायका खालून हात चालवत पुढे सरकत. गप्पा थांबत नव्हत्या, हातही थांबत नव्हते. किनाऱ्याला बोटी लागलेल्या होत्या. एका नाखव्याने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, सांगितले की खलाशी आता कोळ्यांतलेच मिळत नाहीत, डोंगरपट्टीतले वारली तरुण येतात.

"पोवाय येत नसतं पयल्यांदा. दोन वर्सांत माशापरीस शिकतात," तो म्हणाला. "पन बोट सुटायच्या टायमाला मानूस हजर पायजे. नाय आला, त त्याची जागा दुसऱ्याची. दर्या कोनासाठी थांबत नाय, मंग आमी कसे थांबू?"

सातपाटी आणि मुरबे यांच्यामध्ये खाडी आहे. होडीतून पलीकडे जाता येते. सायकली आडव्या टाकल्या आणि त्यांच्यावर आम्ही बसलो. टोपली घेऊन बसलेल्या एका कोळणीने आमच्याकडे बराच वेळ पाहिले.

"कुठं चाल्लाव सायकली घेऊन?"

"किल्ले बघायला," मी म्हणालो.

"किल्ल्यात काय हाय? शेन हाय नि वडाची मुलं हायत."

"मुलं?"

"मुलं रे, मुलं! झाडाची." तिने बोटे खाली सोडून मुळे दाखवली. होडीतली सगळी माणसे हसली. होडीवाला म्हणाला, "आई, त्यांना म्हावरा दे, किल्ला नको." तिने खरोखरच दोन सुके बोंबील काढून वसंतच्या पिशवीत कोंबले.

तिसरा दिवस: नांदगाव, तारापूर, चिंचणी, सालवड

मुरब्याहून उत्तरेला किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. नवापूरच्या पुढे रस्ता आत वळतो आणि कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागतात. आम्ही त्या उजव्या हाताला ठेवून तारापूरला गेलो. तारापूरच्या किल्ल्याच्या आत वाडी आहे. राखणदाराने सायकली दाराशी ठेवायला सांगितल्या, नाव विचारले नाही. तटावरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गावातली जुनी पारशी घरे दिसतात. बरीच बंद होती.

चिंचणीत सोनारांच्या कामाचे ठसे कोरतात. त्यांना डाय म्हणतात. एका ओटीवर तिघे जण वाकून पोलादात पाने-फुले कोरत होते. त्यांतला वयस्कर माणूस म्हणाला की हा उलटा दागिना आहे. इथे खड्डा, तिथे फूल.

रात्री बोईसरजवळ सालवडला एका चाळीत राहिलो. वसंतचा एक सहकारी तिथे राहतो. शेजारच्या खोलीत उत्तरेकडचे चार कामगार होते. आम्ही सुट्टी घेऊन सायकलने फिरत आहोत हे ऐकून त्यांतला एक म्हणाला, "भाईसाब, हम साइकिल से पीछा छुड़ाना चाहते हैं, और आप छुट्टी लेके चला रहे हैं।" दुसरा म्हणाला, "डॉक्टर ने बोला होगा।" हे कारण त्यांना पटले. सकाळी निघताना त्यांनी मला तब्येत सांभाळायला सांगितले.

चौथा दिवस: खडकपाडा

बोईसरहून पूर्वेला रेल्वे ओलांडली की थोड्या वेळात कारखाने संपतात. भात कापून झालेली शेते, मधून पळस, पुढे डोंगर. नागझरीच्या बाजूला काही जुने कोरीव दगड आहेत, ते पाहून संध्याकाळी परत यायचे असे ठरले होते. ते दगड आम्ही पाहिले नाहीत.

खडकपाड्यावर पंधरा-सोळा घरे असतील. पहिल्या घरापुढे कुडाचा मांडव होता. माणसे बरीच, आवाज कमी. वसंतला पाहून दोन-तीन मुले घरामागे पळाली. चाळिशीतला एक माणूस नव्या धोतरात पुढे आला. त्याचे नाव लाडक्या.

"गोलीवाले दादा, आज कोनाला टोचू नको. आज लगीन हाय."

"कोणाचं?"

"माजं."

वसंत हसला. "तुझं? अरे, तुझी पोरगी लग्नाची झाली."

"तिचंबी हाय. आदी माजं, मंग तिचं."

लाडक्या आणि सोमी अठरा वर्षे एकत्र नांदत होते. लग्नाचे जेवण घालण्याची ऐपत येईपर्यंत विधी राहून जातो आणि संसार चालू राहतो, याला तिथे कोणी नावे ठेवत नाही. अडचण पुढे येते. आईबापांचे लग्न लागलेले नसेल, तर मुलीचे लावता येत नाही. मुलीचे, जानकीचे, लग्न रामूशी ठरून दोन वर्षे झाली होती. रामू सातपाटीच्या बोटीवर खलाशी. या वर्षी भात चांगले झाले, म्हणून दोन्ही लग्ने एकाच मांडवात, एकाच दिवशी धरली होती. एरवी दोन-तीन दिवस चालणारे काम त्यांनी एका दिवसात बसवले होते. रामूला पाचपर्यंत निघावेच लागणार होते. आज चुकले, तर पावसाळ्यापर्यंत बोटीवरून त्याला सुट्टी नव्हती आणि पावसाळ्यात लग्ने होत नाहीत. म्हणजे पुढचे वर्ष.

वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. ती बाई असते. आधी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी काढतात. धवलेरी गात असते आणि लग्न त्या गाण्यानेच लागते. आमच्याकडे भटजींची वाट पाहणारी वऱ्हाडे मी पाहिली आहेत. तिथे घड्याळे काढतात आणि कोणाला तरी मोटारसायकलवर पिटाळतात. इथे कोणी जागचे हलत नव्हते.

"बोलवायला कोणी गेलं का?" वसंतने विचारले.

लाडक्याने नकारार्थी मान हलवली. "दोरा दिलाय."

लग्नाचा दिवस दोऱ्याने कळवतात. जितके दिवस उरले तितक्या गाठी मारलेला दोरा धवलेरीच्या हातात देतात आणि तसाच एक आपल्या घरी ठेवतात. रोज सकाळी उठल्यावर दोन्हीकडे एकेक गाठ सोडायची. गाठी संपल्या, तो लग्नाचा दिवस. सोमीने घरातला दोरा आणून दाखवला. त्यात गाठ नव्हती.

"मग ती विसरली असेल. जा की कोणी."

"दोरा दिल्यावर परत कसं बोलवायचं?" सोमी म्हणाली. तिच्या अंगाला हळद लावण्याची तयारी होऊन राहिली होती. "तुला गाठी मोजाय येत नाय, असं तोंडावर सांगनं झालं ते. ती मंग या घरात गायची नाय. माज्या लग्नात नाय नि पोरीच्याबी नाय."

"येतेच," लाडक्या म्हणाला. त्याने हे आमच्यासमोर चार वेळा म्हटले.

रामू मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. तो सूर्याकडे पाहत होता. जानकी आत होती.

वसंत मला बाजूला घेऊन म्हणाला, "यांना जाता येत नाही. मला येतं. मी तापाचं विचारायला कुठंही जाऊ शकतो."

धवलेरीचे नाव भिखली. तिचा पाडा तिथून सुमारे पाच किलोमीटरवर, निम्मी वाट शेतातून. आम्ही सव्वादहाला पोहोचलो. साठीच्या पुढची, बारीक अंगाची बाई अंगणात भात कांडत होती. वसंतला पाहताच तिने मुसळ टाकले, दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला ताप नाय."

"नाही मावशी, टोचत नाही. सहज आलो."

"तू सहज कदी येतोस? मागल्या खेपी सहजच आला होतास. चार दिस बोट दुकत होतं." मग माझ्याकडे हनुवटी करून, "ह्यो कोन? मोठी सुई ह्याच्याकडं हाय का?"

मी भावोजी असल्याचे वसंतने सांगितले. तिने पाणी दिले. तिच्या कमरेला दोरा खोवलेला होता आणि त्याला एक गाठ होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली.

"हा दोरा कोणाच्या लग्नाचा?" वसंतने विचारले.

"खडकपाड्याच्या लाडक्याचा. उद्या हाय. आईबापाचं नि पोरीचं. मोठं काम हाय, म्हनून आज तांदूल करून ठेवते." ती पुन्हा कांडायला लागली.

वसंतने विचारले, ती मधे कुठे गेली होती का. ती म्हणाली, वरच्या पाड्यावर एका लग्नाला, तीन दिवस. दोरा बरोबर नेला होता, घरी सुनेच्या भरवशावर ठेवला नव्हता.

"रोज गाठ सोडलीत?"

"मंग? उठले की पयलं काम तेच. चूल मागून."

"त्या लग्नात रात्रभर गायलात का?"

"एक रात. कोंबडा आरवला तरी गात होते. आता कोनाला येतं तसं?"

"मग त्या सकाळी?"

"त्या सकाली काय?"

"त्या सकाळी उठलात केव्हा?"

"उठायला झोपले कुठं? बायका पीठ-"

मुसळ वर गेलेले थांबले. तिने ते हळूच उखळीत टेकवले. मग जमिनीवर बसून बोटांवर काहीतरी मोजले, एकदा, पुन्हा एकदा. सून दारात आली होती. तिला तिने हाताने आत पिटाळले. वसंत सायकलची साखळी पाहत होता. मीही तिकडेच पाहिले.

भिखलीने कमरेचा दोरा काढला, गाठ दातांनी सैल केली, सोडली आणि दोरा चुलीत टाकून आली.

"तुजी सायकल मानूस नेते का?"

"नेते."

"पाडशील?"

"सरकारी रस्त्यावर नाही," वसंत म्हणाला. तिथे सरकारी रस्ता नव्हता.

पावणेअकराला निघालो. ती वसंतच्या मागे कॅरिअरवर एका अंगाला बसली, एका हाताने सीट धरून. दुसऱ्या हातात कापडात बांधलेले सूप आणि तांदळाची पुडी होती. निम्म्या वाटेवर वसंतच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. पंक्चर काढायला लागणारे पाणी जवळ नव्हते. भोक शोधायला वेळ गेला असता. तिला माझ्या सायकलवर बसावे लागले.

"ह्यो पाडेल," ती म्हणाली.

मी पाडले. कोरड्या ओढ्याच्या उतारावर पुढचा ब्रेक नसल्याने सायकल वाळूत गेली आणि मी आडवा झालो. भिखली त्याआधीच उडी मारून उभी होती. तांदूळ सांडले नव्हते. तिने माझा गुडघा पाहिला, धूळ झटकली आणि म्हणाली, "चल. रगत त्या गोलीवाल्याला दे. त्याला लागतंच." पुढचे किलोमीटरभर ती सायकलच्या पुढे चालत होती आणि मी सायकल ढकलत मागे.

खडकपाडा दिसू लागला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. मांडवातली माणसे उभी राहिली. कोणी पुढे आले नाही. लाडक्याने "आलीस?" एवढेच म्हटले.

"कदीची निघालेय," भिखली म्हणाली. आवाज सगळ्या मांडवाला जाईल असा होता. "ह्या शयरच्या मानसानं सायकलवर बसवलं. दोनदा पडला. चालत आले असते त कवाच पोचले असते."

सगळे माझ्याकडे वळले. मी प्रत्यक्षात एकदाच पडलो होतो, आणि तेही उशीर झाल्यानंतर. सोमीने माझ्या फाटलेल्या गुडघ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदा हसली. रामूही हसला. एक म्हातारा म्हणाला, "सायकल येत नाय त बसतो कशाला?" मी मान डोलावली. कोणीतरी हळद आणून गुडघ्यावर लावली. ती लग्नाच्या वाटीतली होती.

भिखली पाणी प्यायली, भिंत कुठली ते विचारून आत गेली. थोड्या वेळात गाणे सुरू झाले. मोठा आवाज नव्हता. बायका तांदळाचे पीठ कालवून गेरू लावलेल्या भिंतीवर रेघा ओढत होत्या. एक ओळ भिखलीची, मागून त्यांची. गाण्याचा वेग आणि बोटांचा वेग एकच होता. घाई कोणाला आहे असे दिसत नव्हते, तरी एरवी दिवस घेणारा चौक दोन तासांत पुरा झाला. पुरुषांना त्या वेळी आत काम नसते. बाहेर ताडी, भात, उडदाची आमटी. वसंत साडेबाराच्या सुमाराला सायकल हातात धरून आला. काय ठरले आहे ते मी त्याला हळू आवाजात सांगितले. तो लगेच मोठ्याने म्हणाला, "भावोजी, तरी मी सांगत होतो, हळू चालवा."

पावणेतीनला सोमी आणि लाडक्या यांचे लग्न लागले. त्या वेळी जानकी आईच्या मागे उभी होती आणि तिचा धाकटा भाऊ लाडक्याच्या मांडीवर बसायचा हट्ट करत होता. तासाभराने जानकी आणि रामू यांचे लागले. गाणे मधे थांबले नाही. शेवटच्या ओळीनंतर भिखली दारात येऊन बसली आणि तिने तंबाखू मागितला. वसंतने दिला.

"तुजा भावोजी भला हाय," ती म्हणाली. "चालवाय येत नाय, पन भला हाय."

रामूने पाच वाजता आम्हाला नमस्कार केला आणि वऱ्हाडातल्या काहींबरोबर बोईसरच्या वाटेने निघाला. त्याच्या डोक्याला अजून बाशिंग होते. ते त्याने पाड्याच्या कडेला काढून पिशवीत ठेवले. जानकी त्याच्याबरोबर होती.

पाचवा दिवस: उमरोळी, पालघर

रात्र खडकपाड्यावर काढून सकाळी निघालो. उमरोळीला स्टेशनसमोर चहा घेतला. तिथल्या दुकानदाराकडे पाण्याची परात होती. त्याने वसंतची ट्यूब बुडवली तेव्हा एक नव्हे, तीन भोके निघाली. माझा गुडघा सुजला होता, म्हणून शेवटचे अंतर मी सायकल हातात धरून चाललो. वसंत माझ्यासाठी पुढे जाऊन थांबे आणि पुन्हा पुढे जाई. अकराच्या सुमाराला पालघरला पोहोचलो. सायकल शेजाऱ्याला परत केली. ब्रेकबद्दल त्याला सांगितले. तो म्हणाला, त्याला माहीत होते.

त्यानंतर तीन दिवसांनी वसंत कामासाठी सातपाटीला गेला. बंदरात त्याने चौकशी केली. रामूची बोट ठरल्या पहाटे सुटली होती आणि रामू तिच्यावर होता. जानकी बोंबलांच्या मांडवाखाली इतर बायकांबरोबर कामाला लागली होती. तिच्या हातांची हळद उतरली नव्हती.